कवकशास्त्रज्ञ सर एडविन बटलर

मृगाच्या सरी कोसळून गेल्या कीं चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील अरण्याचें रूप पालटतें. साग नव्या पानांनीं भरतो, बांबूच्या बेटांतून वास्ते वर येऊं लागतात, आणि पाऊस मुरला म्हणजे वारुळांच्या अंगाखांद्यांवर पांढऱ्या-करड्या छत्र्यांचे थवे उभे राहतात. या छत्र्यांस इकडील लोक सात्या म्हणतात. पानांत बांधलेले त्यांचे पुडे आठवडी बाजारांत व रस्त्याच्या कडेला विक्रीस येतात, आणि ज्या घरांत रोख पैसा क्वचितच दिसतो त्या घरीं चार दिवस मीठमिरचीची व मुलांच्या वह्यापुस्तकांची सोय होते. त्याच दिवसांत, त्याच जिल्ह्यांतील शेतजमिनींत दुसरी एक बुरशी निराळेंच काम करीत असते. ती तुरीच्या मुळांत शिरते आणि पुढें ऐन फुलोऱ्यांत उभें पीक वाळवून टाकते. एक अन्न देते, दुसरी तोंडचा घास हिरावून घेते. आणि कुळ पाहावें तर दोघींचें एकच.

या कुळाचा विचार ज्या शास्त्रांत होतो त्यास कवकशास्त्र म्हणतात. भूछत्र, अळंबी, शिळ्या भाकरीवरील बुरशी, गव्हावरील तांबेरा, ज्वारीची काणी, हीं सारीं कवकांचींच रूपें होत. त्यांच्या अंगीं वनस्पतींचा हिरवा रंग नसतो, म्हणून सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणें त्यांना साधत नाहीं. मेलेल्या किंवा जिवंत देहावरच तीं पोसलीं जातात. हिंदुस्थानांत या शास्त्राचा पाया ज्यांनीं घातला आणि ज्यांना भारतीय वनस्पतिरोगशास्त्राचे जनक असा मान दिला जातो, ते सर एडविन जॉन बटलर होत. बुरशीशीं झगडण्यासाठींच ते या देशांत नेमले गेले होते. उतारवयांत मात्र त्यांची लेखणी झाडांच्या मुळाशीं नांदणाऱ्या मित्रबुरशीकडे वळली. अरण्यावर ज्यांचें पोट आहे त्यांनीं हें चरित्र जाणून घ्यावें असें आहे.

बटलर यांचा जन्म १३ ऑगस्ट १८७४ रोजीं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील किल्की या गांवीं झाला. त्यांचे वडील तेथें सरकारी न्यायाधिकारी होते. ज्या भूमींत हें मूल जन्मास आलें, तिच्या अंगावरील एक जखम अद्याप भरली नव्हती. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर करपा पडला. गरीब कुळांचें सारें अन्न म्हणजे बटाटा, आणि तोच शेतांत व साठवणींत कुजून गेला. पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं, आणि तितकींच देश सोडून गेलीं. राज्यकर्त्यांच्या अनास्थेनें संकट वाढलें हें खरें. पण पहिला घाव एका सूक्ष्म जीवाचा होता. त्या काळीं पुष्कळ विद्वानांची अशी समजूत होती कीं, रोप आधीं सडतें आणि मग त्यावर बुरशी धरते. सडण्याचें कारणच तो जीव असतो, हें आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञानें १८६१ सालीं प्रयोगानें दाखविलें. बटाट्यावरील हा जीव त्या वेळीं कवकांत मोडत असे. आजचें शास्त्र त्याला कवकसदृश पण निराळ्या वर्गांत घालतें.

एडविनला लहानपणीं शिक्षणासाठीं इंग्लंडांत ठेवलें होतें. परंतु तेराव्या वर्षाच्या सुमारास प्रकृति ढासळल्यामुळें त्याला घरीं परत यावें लागलें. समवयस्क मुलें मैदानावर खेळत असतां हा मुलगा शिक्षकाजवळ बसून वाचीत असे. चांगल्या ग्रंथसंग्रहाची जोड मिळाल्यानें त्या सक्तीच्या विसाव्यांत त्याला वाचनाची जी गोडी लागली, ती जन्मभर टिकली.

१८९२ सालीं बटलर कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजांत दाखल झाले आणि १८९८ सालीं त्यांनीं वैद्यकाची पदवी संपादन केली. मुलगा आतां दवाखाना थाटणार असें कोणासही वाटलें असतें. पण त्याच कॉलेजांत मार्कस हार्टोग हे सृष्टिशास्त्राचे अध्यापक होते, आणि पाण्यांतील बुरशी हा त्यांचा आवडता विषय होता. डबक्याच्या पाण्यांत मेलेली माशी टाकून ठेवावी. थोड्याच दिवसांत तिच्याभोंवतीं पांढरी लव दिसूं लागते. ती लव सूक्ष्मदर्शकाखालीं धरली कीं तिच्यांतून पोहत बाहेर पडणारे बीजाणू दिसतात. हा खेळ पाहून तरुण बटलर मोहून गेले. औषधाची पेटी बाजूस राहिली आणि सूक्ष्मदर्शक हातीं आला. पुढें पॅरिस, अँटिब, फ्रायबुर्ग आणि लंडनजवळील क्यू येथें राहून त्यांनीं हा अभ्यास वाढविला. वैद्यकाचें शिक्षण मात्र वायां गेलें नाहीं. रोग्याची लक्षणें बारकाईनें पाहणें, तर्कावर न विसंबतां कारण शोधणें, आणि कारण सिद्ध झाल्यावरच उपाय सांगणें, ही वैद्याची शिस्त त्यांनीं पुढें पिकांना लावली.

१९०१ सालीं क्यूच्या शिफारशीवरून त्यांची हिंदुस्थान सरकारकडे नेमणूक झाली आणि ते कलकत्त्यास आले. तोंपर्यंत या देशांत कवकांचा अभ्यास म्हणजे नोकरींतील कांहीं डॉक्टरांचा फावल्या वेळचा छंद होता. नमुने गोळा करावे, वाळवून विलायतेस पाठवावे, आणि तेथील पंडित काय नांव देतात त्याची वाट पाहावी, असा क्रम असे. शेतकऱ्याचें पीक तोंवर मातींत मिळालेलें असावयाचें. हें शास्त्र येथेंच, येथील शेतांत व येथील माणसांच्या हातीं रुजलें पाहिजे, हें बटलर यांनीं ओळखलें. १९०२ सालीं ते डेहराडून येथें गेले आणि १९०५ पासून बिहारमधील पुसा येथें नव्या शेतकी संशोधनसंस्थेचे कवकशास्त्रज्ञ झाले. ही संस्था हेन्री फिप्स या अमेरिकन गृहस्थाच्या देणगींतून उभी राहिली होती.

पुसा येथें त्यांनीं देशभरांतील वाळविलेल्या कवकांचा संग्रह उभारण्यास आरंभ केला. प्रत्येक नमुन्यावर तो कोठें, केव्हां व कोणत्या झाडावर सांपडला याची चिठी असे. दिसावयास ही वाळक्या पानांची व कुजक्या लाकडांची रास. पण पुढील प्रत्येक संशोधकास तोलून पाहण्याचें माप तिनें दिलें. १९३४ च्या जानेवारींतील बिहारच्या भयंकर भूकंपानंतर पुसाची संस्था दिल्लीस नेण्यांत आली. तिच्याबरोबर हा संग्रहही गेला आणि तो तेथें वाढत राहिला.

आतां त्यांच्या कामाचे दोन नमुने पाहूं. पहिला नमुना तुरीचा. वरोरा-राजुऱ्याकडील शेतकऱ्यास तुरीचा मर रोग सांगावा लागत नाहीं. हिरवें झाड बघतां बघतां मान टाकतें; खोड चिरून पाहिलें तर आंत काळसर रेषा दिसतात. कोणी पावसास दोष देत, कोणी किडीस, कोणी दैवास. बटलर यांनीं रोगट मुळांतून बुरशी वेगळी काढून ती निर्मळ स्थितींत वाढविली, आणि तिची लागण निरोगी रोपांस करून रोग उत्पन्न होतो कीं काय हें पाहिलें. ही बुरशी मातींत राहते, मुळावाटे आंत शिरते, आणि ज्या सूक्ष्म नळ्यांतून पाणी वर चढतें त्या चोंदून टाकते. म्हणून जमिनींत ओल असतांही झाड तहानेनें मरतें. १९१० सालीं त्यांनीं या बुरशीचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. बुरशी मातींत वर्षानुवर्षें टिकून राहत असल्यानें वरून औषध शिंपडून भागत नाहीं. रोगट शेतांत जीं झाडें तग धरतात त्यांचें बीं निवडून रोगास दाद न देणारें वाण तयार करणें, हा खरा मार्ग होय. आजही तुरीच्या वाणाची निवड करतांना मर रोगाचा विचार आधीं होतो.

दुसरा नमुना ताडाचा. आपल्या सिरोंच्याजवळ प्राणहितेला पोटांत घेऊन जी गोदावरी खालीं जाते, तिच्या मुखाकडील प्रदेशांत ताडाचीं झाडें शेंड्यापासून कुजून मरूं लागलीं होतीं. ताडाला वाढीचा कोंब एकच. तो गेला कीं झाड गेलें. बटलर यांनीं रोगाचें कारण शोधून काढलें आणि तें १९०७ मध्यें प्रसिद्ध केलें. रोगट झाडांचे शेंडे तोडून जाळून टाकण्याची मोहीम तेथें हातीं घेण्यांत आली. याच सुमारास मुळें व रोपें सडविणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या एका मोठ्या गटावर त्यांचा प्रबंधही निघाला. तो जगभर प्रमाण मानला गेला. १९१३ सालीं अळूच्या पानांवरील करप्याविषयीं त्यांनीं जी. एस. कुलकर्णी यांच्याबरोबर लिहिलें. आपल्या घरची अळूवडी ज्या रोगामुळें हुकते तो हाच.

बटलर यांचें मोठेपण त्यांच्या शोधांइतकेंच त्यांनीं घडविलेल्या माणसांत आहे. पुसा येथें हिंदी तरुण त्यांच्या हाताखालीं शिकले आणि प्रांतोप्रांतीं गेले. जे. एफ. दस्तूर हे त्यांपैकीं एक. एरंडाच्या रोपांवरील रोगाचा अभ्यास करून त्यांनीं १९१३ सालीं नांव मिळविलें, आणि पुढें मध्यप्रांताचे कवकशास्त्रज्ञ म्हणून ते नागपूरास काम करीत राहिले. चांदा जिल्हा त्या वेळीं मध्यप्रांतांतच होता. पुण्यासही या शास्त्राची परंपरा रुजली. १९४६ सालीं तेथें महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तिच्या कवकसंग्रहास आजरेकर या जुन्या पिढींतील कवकशास्त्रज्ञाचें नांव आहे. नमुने विलायतेस पाठवून वाट पाहण्याचे दिवस अशा रीतीनें सरले.

१९१८ सालीं बटलर यांचा वनस्पतींचे रोग व कवकें यांवरील मोठा ग्रंथ कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. त्यांत हिंदुस्थानांतील पिकांचे रोग येथील हवापाण्याच्या संदर्भांत सांगितले होते. म्हणून शेतकी महाविद्यालयांत तो दीर्घकाळ वापरांत राहिला. १९२० सालीं क्यू येथें नव्यानें निघालेल्या कवकशास्त्र कार्यालयाचे ते पहिले संचालक झाले. एका देशांत रोग उद्भवला कीं त्याची वार्ता दुसऱ्या देशास वेळेवर कळावी, हा या कार्यालयाचा हेतु होता. त्यासाठीं १९२२ पासून एक सारसंग्रह मासिकरूपानें निघूं लागला. १९२६ सालीं ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, आणि १९३९ सालीं त्यांना सर ही पदवी मिळाली. हिंदुस्थान सोडून गेले तरी त्याचा विसर त्यांना पडला नाहीं. १९३१ सालीं बिस्बी यांच्या सहकार्यानें त्यांनीं भारतांतील कवकांची यादी प्रसिद्ध केली. तींत दोन हजारांहून अधिक जातींची नोंद होती.

पुढें १९३५ पासून १९४१ पर्यंत ते इंग्लंडांतील शेतकी संशोधन मंडळाचे चिटणीस होते. पदवी मिळाली त्याच १९३९ सालीं, वयाच्या पासष्टीस, त्यांनीं एक लांबलचक निबंध लिहिला. सारें आयुष्य रोगकारक बुरशीच्या मागें घालविलेल्या या गृहस्थांनीं त्यांत विचार केला होता तो रोग न करणाऱ्या बुरशीचा.

ही हकीकत समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. युरोपांत ट्रफल नांवाचें एक भूमिगत कवक फार महाग विकतें. त्याची लागवड करतां येईल कां, हा प्रश्न प्रशियाच्या सरकारनें आल्बेर्ट फ्रांक या प्राध्यापकापुढें ठेवला. लागवड तर साधली नाहीं. पण मुळें तपासतां तपासतां फ्रांक यांना असें आढळलें कीं, अरण्यांतील अनेक वृक्षांच्या मुळांच्या टोकांवर कवकतंतूंचें आवरण असतें आणि वृक्षास त्यापासून अपाय न होतां उलट पोषण मिळतें. मूळ व कवक यांच्या या संयुक्त अवयवास त्यांनीं १८८५ सालीं जें नांव दिलें, त्यास मराठींत कवकमूल म्हणतात. पुष्कळांनीं त्या वेळीं हें मानलें नाहीं; मुळावर बुरशी म्हणजे रोगच, ही समजूत खोल रुजलेली होती. याच कवकमूलाचा दुसरा एक प्रकार आहे. त्यांत कवकतंतु मुळाच्या पेशींच्या आंत शिरून झाडासारखे फांटे फोडतात. हीं कवकें जमिनीवर छत्री उभारीत नाहींत, म्हणून डोळ्यांस कधीं दिसत नाहींत. बटलर यांनीं आपल्या निबंधांत या दुसऱ्या प्रकाराचा जगभरांतील पुरावा एकत्र करून तीं कवकें कोणत्या वर्गांत बसतात याचा विचार केला.

आणि येथेंच त्यांचें कार्य आपल्या जिल्ह्यांतील अरण्याशीं येऊन मिळतें. कारण साग, बांबू व मोह यांच्या मुळांत हाच दुसरा प्रकार नांदतो. मुळाचा केस जेथें पोंचत नाहीं तेथें कवकाचा तंतु पोंचतो, आणि मातींतील स्फुरदासारखीं द्रव्यें झाडास आणून देतो. झाड त्याच्या मोबदल्यांत पानांत तयार झालेली साखर खालीं धाडतें. आलापल्लीच्या ज्या जुन्या सागवनास २०१४ सालीं जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान मिळाला, तेथील गगनचुंबी वृक्षांच्या उंचीचें श्रेय या अदृश्य देवघेवीकडेही जातें. पलीकडे बस्तरांत सालाचीं वनें आहेत. सालाच्या मुळावर फ्रांक यांनीं पाहिलेला पहिला प्रकार असतो, आणि बोडा नांवाचें जें कवक तेथील बाजारांत मोठ्या भावानें विकतें तें या मुळांच्या आधारानेंच वाढतें. साल तोडला कीं बोडा संपला. शेतांत तो पेरतां येत नाहीं.

सात्यांचा प्रपंच याहूनही नवलाचा आहे. वारुळांतील वाळवी वाळलें लाकूड व पाने खाते खरी, पण लाकडांतील कठीण भाग तिला एकटीस पचत नाहीं. ती आपल्या विष्ठेचीं मधाच्या पोळ्यासारखीं पोळीं रचते, त्यांवर एक कवक वाढविते, आणि त्या कवकानें मऊ केलेलें अन्न खाते. पाऊस पडला कीं हेंच कवक माती फोडून बाहेर येतें. तीच आपली सात्या. अठराव्या शतकांत त्रांकेबार येथील मिशनचे वैद्य म्हणून आलेले योहान क्योनिग यांनीं तंजावर प्रांतांतील वाळवीचें बारकाईनें निरीक्षण केलें आणि १७७९ सालीं तें वर्णन प्रसिद्ध झालें. वाळवीच्या या कवकांस स्वतंत्र शास्त्रीय कुळनाम फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजेर हाइम यांनीं १९४२ सालीं दिलें. वाळवीवांचून त्यांची किफायतशीर लागवड करण्याची युक्ति आजवर कोणास साधलेली नाहीं.

याशिवाय गळालेलीं पानें व पडलेले ओंडके कुजविणारीं कवकें आहेत. तीं नसतीं तर अरण्य आपल्याच पाचोळ्याखालीं गाडलें गेलें असतें. पाचोळ्याची माती तीं करतात, म्हणूनच पुढील बीं रुजतें.

मग प्रश्न असा कीं, या संपत्तीचा विक्रय करावा कीं न करावा? विक्रय करण्यांत दोष नाहीं. रीत मात्र कळली पाहिजे. स्वित्झर्लंडांत १९७५ पासून जवळजवळ तीस वर्षें अरण्यांतील भूछत्रें तोडून एक प्रयोग करण्यांत आला. नुसत्या तोडण्यानें पुढील वर्षांचें उत्पन्न घटलें नाहीं. जमीन पायांनीं तुडविल्यानें मात्र उगवण कमी झाली. कारण उघड आहे. छत्री हें फळ आहे. खरें शरीर म्हणजे मातींतील तंतूंचें जाळें. स्विस अरण्य निराळें आणि आपलें निराळें, पण तत्त्व तेंच. सात्या हलक्या हातानें काढाव्या, वारूळ खणूं नये, पूर्ण उमलून जुन्या झालेल्या कांहीं छत्र्या बीजाणू उडण्यासाठीं तशाच ठेवाव्या, पाचोळ्यास आग लावूं नये. मोहाचें झाड तोडून मोहफुलें वेंचतां येत नाहींत, हें आपल्याकडील पोरासही कळतें. वारुळाची गोष्टही तीच आहे.

हा विवेक कोणी वरून लादून टिकत नाहीं. ज्याचें अरण्य त्यानेंच तो पाळावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा वनवासीयांचा हक्क मान्य झाला. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर वनाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा आपल्या परवान्यानें बांबू विकूं लागली. चंद्रपूर जिल्ह्यांतील पाचगांवास असाच हक्क २०१२ सालीं मिळाला. त्या गांवानें बांबूचें उत्पन्न घेतलें, पण तेंदूपानें तोडणें आपण होऊन बंद केलें, कारण त्यापायीं झाडें छाटलीं जातात व वनांत आगी लागतात. आलेला पैसा नाकारण्याचें हें धैर्य सोपें नव्हे. सात्यांसारख्या वनोपजाची राखण अशाच गांवांच्या हातून होऊं शकते. ज्यांस बारमाही धंदा हवा असेल त्यांनीं धानाच्या तणसावर धिंगरी अळंबी लावावी. धान तर या भागाचें मुख्य पीक. तणस घरचेंच असतें.

पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानीं धरावी. सात्यांशेजारीं विषारी छत्र्याही उगवतात. कांहींचें विष पोटांत गेल्यावर सहा ते बारा तास, कधीं त्याहूनही अधिक वेळ, कसलेंच लक्षण दिसत नाहीं. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, मध्येंच बरें वाटतें, आणि तोंवर यकृताचा नाश होत असतो. शिजविल्यानें हें विष जात नाहीं. चांदीचें नाणें काळें पडतें कीं काय हें पाहणें, किंवा लसूण टाकून परीक्षा करणें, या समजुती निराधार आहेत. गांवांतील जाणती माणसें जी छत्री ओळखतात तीच खावी. शंका असेल तर टाकून द्यावी, आणि चुकून खाल्ली गेल्यास उरलेला तुकडा बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा.

सर एडविन बटलर ४ एप्रिल १९४३ रोजीं निवर्तले. त्याच वर्षीं बंगालमध्यें लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. युद्ध, साठेबाजी व सरकारी धोरण हीं त्या दुष्काळाचीं मोठीं कारणें होत. त्यांच्या जोडीला १९४२ सालीं भातावर पडलेल्या एका बुरशीजन्य रोगाचीही गणना अभ्यासकांनीं केली आहे. आयर्लंडच्या दुष्काळानें पोळलेल्या भूमींत जन्मलेल्या या पुरुषाचा अंत अशा वर्षीं व्हावा, यावरून त्यांनीं हातीं घेतलेलें काम किती मोठें व किती अपुरें राहिलें होतें हें दिसतें. मृत्यूपूर्वीं ते वनस्पतिरोगांवर आणखी एक ग्रंथ लिहीत होते, तो एस. जी. जोन्स यांनीं पूर्ण केला व १९४९ सालीं प्रसिद्ध झाला.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या आज्या वारूळ पाहून कोणत्या नक्षत्रांत तेथें काय उगवेल हें सांगूं शकतात. तें ज्ञान कोणत्याही ग्रंथांत उतरलेलें नाहीं. बटलर यांनीं कुजक्या पानावरही स्थळ व तिथि लिहिलेली चिठी लावली, म्हणून शंभर वर्षांनंतरही तें पान बोलतें. येत्या पावसाळ्यांत आजीबरोबर रानांत जा. जी छत्री ती ओळखील तिचें नांव, जागा, दिवस व जवळचें झाड एका वहींत लिहून ठेवा. ज्या जिल्ह्यांतील अरण्यावर तुमच्या गांवांचें पोट चालतें, त्याची अशी वही तुम्हींच लिहिली पाहिजे.